पाइपातला पुदिना

रविवार, १४ सप्टेंबर

सूनबाई,

या मंगळवारी सकाळी दूध तापवून झालं होतं, धुणं वाळत घालून झालं होतं आणि मी मागच्या खोलीत बिनमातीच्या झाडांच्या टाकीतलं पाणी मोजायला बसले होते. रोजचंच काम. आधी पंपाचा आवाज नीट येतोय का ते ऐकायचं. मग टाकीचं झाकण काढायचं, पाण्यात खत किती उरलं ते सांगणारं मीटर बुडवायचं, आकडा दिसत नाही म्हणून चष्मा आणायला स्वयंपाकघरात जायचं, परत येईस्तोवर मीटर आपोआप बंद झालेलं असतं ते पुन्हा चालू करायचं. पाणी उतरलं असेल तर आधी साधं पाणी, मग अ बाटलीतलं खत, चांगलं ढवळायचं, आणि मगच ब बाटलीतलं. दोन्ही खतं अशीच्या अशी एकात एक ओतली तर तळाला पांढरा गाळ बसतो आणि झाडं पाण्यात उभी राहून उपाशी राहतात. हे तुला मी काय सांगणार, तूच मला शिकवलंस. पण त्या दिवशी सगळं नेहमीच्या क्रमाने केलं, झाकण लावलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि दाराकडे पहिलं पाऊल टाकलं ते पाण्यात.

आशीर्वाद लिहायचा राहिलाच. तो आहेच. माझी तब्येत बरी आहे, गुडघा होता तसा आहे. शिवणकाम चालू आहे. शाळेच्या गणवेशांची गडबड संपली, आता नुसत्या उसवलेल्या शिवणी आणि तुटलेल्या चेनी येतात. तुझा खोकला गेला का ते कळव.

पाण्याचं सांगते, पण त्याआधी एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर याही वेळी निसटेन. उन्हाळ्यात तुझं पत्र आलं. त्यात तू एकच विचारलं होतंस. तू काम करतेस त्याच कारखान्यात कवळ्या बनवणारा एकजण तुला लग्नाचं विचारतो आहे, तुझं मन आहे, पण मी हो म्हटल्याशिवाय तू करणार नाहीस. बस, एवढंच. त्यानंतर मी तुला पत्रं पाठवली. एकात लेट्यूस किती वाढलं ते होतं, एकात पंप बदलल्याचं, एकात खालच्या बाईंच्या पित्ताचं. तुझ्या विचारण्याला कशातच उत्तर नव्हतं. फोनवर तू एकदा “आई, माझं पत्र…” एवढं म्हणालीस आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. तुला ते कळलं असणार, तू त्या घरात राहिली आहेस, माझा कुकर कधी लागतो ते तुला माहीत आहे.

तर पाणी. ते खालच्या पाइपातून येत होतं. झाडं लावलेल्या तिन्ही पाइपांतून उतरून पाणी टाकीत परत यायला हवं, ते शेवटच्या भोकांवाटे वर येऊन भिंतीवरून खाली ओघळत होतं आणि दाराखालून बाहेरच्या खोलीत चाललं होतं. कारण बघायला वाकायची गरज नव्हती. पुदिना. तुझ्या नवऱ्याने बाजारच्या जुडीतली एक काडी शेवटच्या भोकात खोचली तेव्हाच तू म्हणाली होतीस, “अहो, पुदिना लावू नका, सगळा पाइप खाऊन टाकील.” आणि तो म्हणाला होता, “खाऊ दे. माझ्या घरात सगळे पोटभर खातात.” त्या जागेवर तो किती खूश होता ते आठवतं ना? लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस, घरी आला की आंघोळ करून थेट झाडांच्या त्या जांभळ्या दिव्याखाली. शेजाऱ्यांना वाटायचं आपल्याकडे रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो. मी म्हणायचे, घर आहे की पाणीपुरवठा खातं. तो म्हणायचा, “आई, माती नाही म्हणजे तुला केर नाही. तुझ्याचसाठी केलंय.” खोटारडा.

त्याच्यामागे लेट्यूस, पालक, मिरच्या सगळं आपण पुन्हा पुन्हा पेरलं. जुनं काढलं, नवं लावलं. त्याच्या हातचा तेवढा पुदिनाच उरला होता. म्हणून मी तो कधी उपटला नाही, छाटलाही जेमतेम. तू नोकरीच्या गावी जाताना सांगून गेली होतीस की अधूनमधून मुळं बाहेर काढून कापा. मी हो म्हटलं आणि कापली नाहीत.

मी पाण्यात उभी आणि दाराची बेल वाजली. खालच्या बाईच असणार. मागे एकदा थोडं गळलं होतं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “वरच्या बाई, तुमची शेती माझ्या छतातून उगवायला लागली आहे. पीक आलं की अर्धं माझं.” मी दार उघडता उघडताच सुरू केलं, “आले हो, पुसतेच आहे, छत धुऊन निघालं समजा.”

दारात एक पुरुष उभा होता. कानशिलांवर पांढरे केस, खांद्याला पिशवी, बसमध्ये चुरगळलेला शर्ट.

“काकू, मी खालचा नाही,” तो म्हणाला. मग त्याने तुझ्या कारखान्याचं नाव घेतलं आणि मला काही विचारायची गरज राहिली नाही.

रागावू नकोस, उन्हाळ्यापासून मी मनात त्याला कवळीवालाच म्हणत आले आहे. मनातल्या मनात मी त्याला चांगला धिप्पाड, गुळगुळीत बोलणारा, अंगठ्या घालणारा असा करून ठेवला होता. तसा असता तर सोपं गेलं असतं. हा दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे.

“मला बघायला आलात की माझे दात?”

“माफ करा, सवयच झाली आहे. तुमची वरची कवळी सैल आहे, काकू. बोलताना खाली येते.”

“जीभही सैल आहे. तिचं काय करता?”

त्याला हसावं की नाही ते कळेना. तेवढ्यात त्याला माझ्या पायांमागचं पाणी दिसलं. त्याने पायरीवर बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट दुमडली आणि विचारलं, “फडकं कुठे आहे?” खरं सांगते, मी त्याला आत या म्हटलंच नव्हतं.

त्याने बाहेरची खोली पुसली, बादलीत पिळलं, पुन्हा पुसली. मी पंप बंद केला. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर तो थांबला. पाइप, दिवा, दोरीवर टांगलेली माझ्या मुलाची जुनी टोपी, सगळं बघितलं आणि आत पाऊल टाकायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली तेव्हाच आत आला. एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते.

दोघांनी मिळून खालच्या पाइपाचं टोक उघडलं. त्याने पाइप धरला, मी पुदिन्याचा जाळीचा पेला वर ओढला. येईना. मग त्याने टोकाकडून हात घातला आणि हळूहळू ती मुळं बाहेर यायला लागली. मी तशी मुळं कधी पाहिली नव्हती. पाइपाचा गोल आकार घेऊन, एकमेकांत गुंतून, घट्ट पिळलेली, पांढरट तपकिरी, निथळणारी. न्हालेल्या बाईची वेणी असावी तशी, आणि लांबही तितकीच. पाइपभर. लेट्यूसच्या पेल्यांमध्ये शिरून त्यांचीही मुळं त्यात अडकली होती. वास मात्र छान होता. सगळ्या खोलीत पुदिन्याचा वास.

“कापावं लागेल,” तो म्हणाला. “मी कापू की तुम्ही?”

स्वयंपाकघरातली कात्री चालली नाही. मुळं तिच्या पात्यात नुसती दुमडली. मग मी मशीनच्या खणातून कापडाची कात्री काढली. तुला माहीत आहे, त्या कात्रीला मी कागदसुद्धा लावू देत नाही. लहानपणी एकदा तुझ्या नवऱ्याने त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला तेव्हा मी त्याच्या हातावर पट्टी मारली होती, वळ उठला होता. त्या कात्रीने मी मुळं कापली. कवळीवाला पाइप धरून उभा होता. मध्येच मला दिसेनासं झालं म्हणून थांबले, तर त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, पण तो बघत राहिला.

नंतर मी चहा टाकला. त्याने साखर नको म्हटलं. दातांच्या धंद्यातला माणूस, दुसरं काय म्हणणार.

“इतकं सगळं एकट्याच करता?” त्याने विचारलं.

“आधी दोघी करत होतो. तेव्हाच जास्त चुकत होतं.”

आणि मी त्याला ती गोष्ट सांगितली. का सांगितली ते मला माहीत नाही. तुझा नवरा गेल्यानंतरच्या दिवसांतली, त्या खोलीचं दार आपण ओढून घेतलं होतं तेव्हाची. मला वाटायचं तुला त्या खोलीत पाऊल टाकवणार नाही. तुला वाटायचं मला टाकवणार नाही. मग तू आंघोळीला गेलीस की मी आत जायचे, खत घालायचे, पाणी घालायचे, बाहेर येऊन भाजी निवडत बसायचे. आणि मी बाजारात गेले की तू जायचीस. दोघींचं माप पुरेपूर, कारण त्याने माप आखून ठेवलेलं होतं. एका झाडाला दोन घरचं जेवण. पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या, टोकं करपली, कुरकुरीत झाली. मला वाटलं, आता ही पण चालली. त्याच्यामागे चालली. तुला काय वाटत होतं ते तू कधी बोलली नाहीस, पण तू त्या दिवसांत पोळीचा एक तुकडासुद्धा पुरा खात नव्हतीस. आणि मग एकदा मी पिशवी विसरले म्हणून जिन्यातून परत फिरले, तर तू टाकीपाशी गुडघ्यांवर बसलेली, हातात अ बाटली.

“आई, तुम्ही पण?” तू म्हणालीस, कारण मी बघताक्षणीच ओरडले होते, अगं मी सकाळीच घातलंय.

आपण दोघी तिथेच फरशीवर बसलो. आधी हसलो. मग जे झालं ते झालं. टाकी रिकामी केली, काही दिवस नुसतं साधं पाणी फिरवलं, आणि वार वाटून घेतले. बरीचशी झाडं वाचली.

मला वाटलं तो हसेल. तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “हे तिने मला सांगितलं आहे. फक्त तिच्या सांगण्यात आधी तुम्ही रडलात.”

“खोटं बोलते. ती आधी.”

“मी तिला सांगतो तसं.”

बोलून गेले खरी, पण आतून टोचलं. ती आपली दोघींची गोष्ट होती. ती तू त्याला सांगितलीस म्हणजे तुझ्या पत्रात जे लिहिलंस त्याच्या बरंच पुढे तू गेली आहेस, हे मला त्या वेळी कळलं. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. झाला नाही. माझ्या मुलाचा जांभळा दिवा आत जळत होता आणि बाहेर दुसरा माणूस त्याच्या खुर्चीत बसून बिनसाखरेचा चहा पीत होता. त्याला ठाऊक नव्हतं ती कुणाची खुर्ची आहे. मी उठवलं नाही, एवढंच.

मग मीच विषय काढला. “तिला माहीत आहे तुम्ही आलात ते?”

“नाही.”

“म्हणजे चोरून आलात.”

“हो.”

“मी हो म्हणावं म्हणून.”

त्याने कप खाली ठेवला. “नाही, काकू. हो म्हणा असं सांगायला मी आलो नाही. काहीतरी म्हणा, एवढंच सांगायला आलो. कामावरून सुटलो की ती आधी पत्रपेटी बघायला जाते. पत्र असलं की तिथेच उभी राहून वाचते. मग मला सांगते, लेट्यूसला नवी पानं आली. तुम्ही नाही म्हणालात तर ती रडेल. पण नंतर जेवेल तरी. हे असं ती किती दिवस काढणार?”

मी विचारलं, “तुमच्या घरी कोण?”

“आई आहे. तिचं निराळंच. ती म्हणते, मला मुलगी चांगली वाटते, पण मी बोलायचं कुणाशी? तिच्या बाजूचं कुणी आहे की नाही? सासरचे तिला सोडत नाहीत आणि माहेर म्हणून कुणी नाही. उद्या काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

“आणि तुम्ही काय म्हणता आईला?”

“मी काय म्हणणार, ते खरंच आहे.”

ते खरंच आहे, सूनबाई. तुझी आई तू पाळण्यात असताना गेली. मामाने वाढवलं, लग्न लावून दिलं, जबाबदारी संपली म्हणून मोकळा श्वास घेतला आणि नंतर तुझा नवरा गेला तेव्हा दुपारी येऊन संध्याकाळी गेला. मी तुला तेव्हा काय म्हटलं होतं ते मला आठवतं. म्हटलं होतं, आता आपण दोघीच. त्यात मला केवढा धीर वाटला होता. तुला ते बांधून ठेवल्यासारखं वाटलं असेल का, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

तो दुपारच्या बसने गेला. जाताना म्हणाला, “पुढच्या वेळी ती कवळी माझ्याकडे द्या, नीट बसवून देतो.” मी म्हटलं, “पुढची वेळ तुम्ही धरूनच चालला आहात.” तेव्हा मात्र तो हसला. खालच्या बाई जिन्यातच उभ्या होत्या. तो उतरून गेल्यावर मला विचारलं, “प्लंबर का हो? बरा दिसतो, माझ्याकडेही पाठवा.” मी म्हटलं, “तो दातांचा आहे.” त्या गप्प झाल्या. पहिल्यांदाच.

दार लावून आले आणि बसले. कापलेल्या मुळांची वेणी बादलीत पडली होती. पुदिना आखूड मुळांवर परत पेल्यात ठेवला होता, त्याने मान टाकली होती. आज रविवार, अजून उचललेली नाही. पंप चालू आहे, पाणी नीट वाहतं, पण तो जगेल की नाही सांगता येत नाही.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही. त्याला तर नाहीच.

तुझे सासरे गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. तो पहिलीत. मी शिवणवर्गात काज-बटणं करायला जायचे आणि येताना वाचनालयातून पुस्तक आणायचे. शाळा माझी सातवीतच सुटलेली, वाचायचे तेही ओळीखाली बोट धरून. तिथे खिडकीशी बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारणारे एक गृहस्थ होते. मी कुठलंही पुस्तक उचललं की ते म्हणायचे, “हे नंतर. आधी हे न्या.” आणि दुसरंच काढून द्यायचे. त्यांनी दिलेल्या क्रमाने मी वाचत गेले आणि एक दिवस लक्षात आलं, बोट धरायचं सुटलं आहे. तुला वाटतं ना सासूने एवढी पुस्तकं कुठे वाचली, ती अशी वाचली.

त्यांनी शिवणवर्गाच्या बाईंमार्फत विचारलं. मुलासकट. बाईंनी येऊन तुझ्या आजेसासूला सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुझ्या आजेसासूने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, “दूध आज पातळच आलं.” बाई थांबल्या, मग उठून गेल्या. मी वाट बघितली. रात्रीच्या जेवणाला काही बोलतील. उद्या बोलतील. त्या रॉकेलचं बोलल्या, पायाला आलेल्या सुजेचं बोलल्या, भिंतीला आलेल्या ओलीचं बोलल्या. बाई आणखी एकदा येऊन गेल्या, तेव्हा बोलण्यात गव्हातले खडे निघाले. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. मला भांडता येत होतं. किंवा रडून गप्प बसले असते आणि त्यांना मनात शिव्या दिल्या असत्या. पण त्यांनी मला नाहीही दिलं नाही. त्या प्रेमळ होत्या गं. माझ्या मुलाला त्यांनी तळहातावर वाढवलं. मला शेवटपर्यंत कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त त्या एका गोष्टीवर बोलल्या नाहीत, आणि मी वाट बघत बघत म्हातारी झाले.

त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं नाही. लग्नही केलं नाही. निवृत्त होईपर्यंत माझ्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. “हे नंतर, आधी हे न्या” म्हणायचे मात्र बंद झाले. मी जे उचलेन त्यावर शिक्का. त्यांच्या जागी नवीन मुलगी आली तेव्हा मला कळलं की ते आता येणार नाहीत. ते कुठे राहत होते तेही मला माहीत नव्हतं.

कवळीवाला “काहीतरी म्हणा” म्हणाला, तेव्हा मला तुझी आजेसासू आठवली नाही. मला माझीच पत्रं आठवली. लेट्यूस, पंप, पित्त. दूध, रॉकेल, ओल. मी आजेसासूच्याच आवाजात तुला लिहीत होते. मला वाटत होतं मी तुला दुखवत नाही. मी खरं म्हणजे एवढंच बघत होते की तू आणखी थोडे दिवस माझ्या मुलाची बायको राहावीस. तू त्याची बायको राहिलीस की तो कुणाचा तरी आहे. माझा तर आहेच, पण आईचा असणं वेगळं. त्या खोलीतल्या झाडांना दोघींनी पाणी घातलं की ती त्याची झाडं असतात. मी एकटीने घातलं की ती एका म्हातारीची झाडं. मला हे असं नीट मांडता येत नाही, पण तुला कळेल.

म्हणून सरळ लिहिते. लग्न कर. माझं हो आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही आणि बरं वाटेपर्यंत थांबले तर तुझे केस पांढरे होतील, म्हणून बरं न वाटताच लिहिते. हे पत्र जपून ठेव, पुढे कधी मी तोंड वाकडं केलं तर मला दाखव. आणि त्याच्यापासून लपवून माझ्या मुलाची आठवण काढू नकोस, काढायची तेव्हा त्याच्यासमोर काढ. मला वाटतं तो खिडकीकडे बघेल. तेवढं त्याला येतं.

मागची खोली मी बंद करणार नाही. झेपेल तेवढं करीन. वरचा पाइप रिकामा करून ठेवला आहे, एवढ्या पालकाला आता खाणारं कोण. दिवा चालू असतो. तो बंद केला की खोली फार मोठी दिसते.

तुला एक सांगायचं राहिलं, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. त्या मायलेकांना मी सांगून ठेवलं होतं की माझं पत्र पोहोचेपर्यंत तिच्याशी काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी सकाळच्या बसने तुझ्या गावी आले. तू कामावर होतीस. तुला न भेटता मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईच्या समोर बसले, आणि मुलीकडची म्हणून आले आहे असं सांगितलं.

तुझ्या माहेराहून,
आई